बाळाचं जाणं, आईचा शोक आणि श्रद्धा
(ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



या बैठकीसाठी मी हा विषय सुचवला तेव्हा दोघीतिघींनी विचारलं, "हा चळवळीचा विषय आहे का?" प्रश्न रास्त आहे. हुंडाबळी, मारहाण, रेशन, पाणी यांवर आपण वर्षानुवर्षं बोलत आलो. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्रात झाला, तो आपल्यासारख्या गटांनी रेटा लावला म्हणून झाला. पण बाळ जन्माला आलं, गंभीर आजारी निघालं आणि काही दिवसांत गेलं, तर त्याच्या आईचं पुढे काय होतं, यावर आपल्या एखाद्या शिबिरात सत्र झालेलं मला आठवत नाही. ते 'घरातलं दुःख' समजलं जातं. बायकोला मारणं हीसुद्धा एके काळी घरातलीच गोष्ट होती.

2020 सालच्या नमुना नोंदणीचे आकडे बघा. महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे 16 बाळं वर्षाच्या आत गेली. त्यांतली 11 पहिल्या 28 दिवसांतच गेली. देशाचा आकडा 28 होता, म्हणजे आपलं राज्य बरंच बरं. हे प्रमाण खाली आलं याचा आनंदच आहे. पण प्रमाण कमी झालं की राहिलेल्या आया आणखी एकट्या पडतात. आजीच्या काळात प्रत्येक आळीत अशी एक तरी बाई असायची, तिच्याजवळ जाऊन बसता यायचं. आज पंधरा मजली इमारतीत शेजारणीला काय बोलावं तेच कळत नाही, म्हणून ती लिफ्टमध्ये मान खाली घालते.

मी आज ख्रिस्ती घरांबद्दल बोलणार आहे, कारण ती मला आतून माहीत आहेत. माझे आजोबा नगर जिल्ह्यातून रेल्वेच्या नोकरीसाठी कल्याणला आले. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं आणि याच पट्ट्यात काम करते. आणि मी एका मुलीची आई आहे, जी 37 दिवस जगली. तिच्या हृदयात जन्मजात दोष होता, शस्त्रक्रियेने सुधारण्यापलीकडचा. हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. कार्यकर्ती म्हणून जे ऐकत होते ते आई म्हणून ऐकावं लागलं, आणि दोन्हींत काय फरक पडतो हे तुम्हाला सांगता यावं, एवढ्याचसाठी सांगते.

आपल्या भागातला ख्रिस्ती समाज एकसारखा नाही. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ पोर्तुगीज काळापासूनचं संत योहानाचं चर्च आहे, त्याच्या आसपास मराठी बोलणारी जुनी ईस्ट इंडियन कुटुंबं आहेत. कल्याणच्या नावाने 1988 पासून मल्याळी सीरो-मलबार कॅथलिकांचा धर्मप्रांत आहे. नगर-जालन्याकडून आलेली आमच्यासारखी मराठी प्रोटेस्टंट घरं आहेत, त्यांतली बरीचशी दलित. शिवाय भाड्याच्या हॉलमध्ये भरणारे नवे प्रार्थना गट आहेत. उपासना वेगळ्या, भाषा वेगळ्या. पण बाळ गेलेल्या आईला सगळीकडे जवळपास तीच वाक्यं ऐकावी लागतात. "देवाला तुझं फूल आवडलं." "देवाची इच्छा." "रडू नकोस, ते आता देवदूत झालंय." "तू तरुण आहेस, दुसरं होईल." आणि आवाज खाली आणून, "प्रार्थना कमी पडली असेल गं."

ही वाक्यं बोलणाऱ्या बायका दुष्ट नसतात. त्यांनाही कोणीतरी तेच सांगितलेलं असतं. पण ही वाक्यं काय करतात ते बघू. पहिली तीन आईला गप्प करतात. देवानेच नेलं म्हटल्यावर रडणं म्हणजे देवाशी भांडण ठरतं. चौथं वाक्य बाळाला बदलण्याजोगी वस्तू करतं. आणि पाचवं सरळ आरोप करतं. 'पांढऱ्या पायाची' हा जो शब्द आपण हिंदू घरांत ऐकतो, त्याचंच हे बाप्तिस्मा घेतलेलं रूप आहे. दोष शेवटी बाईच्याच पदरात. बापाचा विश्वास कमी पडला, असं मी तरी अजून कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आता ज्या पवित्र शास्त्राच्या नावाने हे बोललं जातं, त्यात काय आहे ते पाहू. ईयोबाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. त्याची दहा मुलं एका दिवसात गेली. त्याचे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून ते कारणं सांगू लागले, तुझंच काहीतरी चुकलं असेल म्हणू लागले, तिथून बिघडलं. ग्रंथाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नाही. म्हणजे कारणं सांगणारे चुकले आणि आक्रोश करणारा बरोबर ठरला.

पण त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. ईयोबाची बायको. ती दहा मुलं तिचीही होती. तिला नाव नाही. तिच्या तोंडी एक कडवट बोलणं आहे, त्यासाठी तिला मूर्ख बायकांसारखी म्हटलं जातं, आणि पुढे ती दिसत नाही. शेकडो वर्षं उपदेशकांनी तिला वाईट बायकोचा नमुना म्हणून वापरलं. तिच्याजवळ सात दिवस कोणी बसलं का, हे विचारायला कोणाला सुचलं नाही.

दुसरी गोष्ट दावीद राजाची. बथशेबेचं तान्हं बाळ आजारी पडतं. दावीद सात दिवस उपास करतो, जमिनीवर पडून राहतो. बाळ गेल्यावर उठतो, अंघोळ करतो, जेवतो. चर्चमध्ये हे उदाहरण नेहमी देतात, "दाविदासारखं उठा." दावीद कसा वागला हे सविस्तर लिहिलंय. बथशेबा त्या सात दिवसांत काय करत होती, तिची छाती दुधाने भरून येत होती का, याबद्दल अक्षर नाही. पुढे दाविदाने तिचं सांत्वन केलं, एवढाच उल्लेख आहे. बापाने सातव्या दिवशी उठायचं ठरवलं म्हणून बाळंतिणीनेही उठावं, असा नियम त्यातून निघत नाही.

आणि ज्या भागावर मी सर्वांत जास्त टेकले तो राहेलीचा. यिर्मयाच्या ग्रंथात आणि पुन्हा मत्तयाच्या शुभवर्तमानात, हेरोदाने बाळं मारली त्या प्रसंगी, राहेल आपल्या लेकरांसाठी रडते आणि सांत्वन करून घ्यायला नकार देते. मत्तयाने तिचं रडणं तिथे तसंच राहू दिलंय, त्या जागी तिची समजूत घातलेली नाही. नाताळानंतर तीनच दिवसांनी, 28 डिसेंबरला, कॅथलिक चर्च त्या बाळांचा दिवस पाळतं. येशू स्वतः लाजराच्या कबरेपाशी रडला, तेही त्याला उठवायच्या आधी. पुनरुत्थानावर विश्वास आहे म्हणून रडू नये, असं त्याला वाटलं नाही. यिर्मयाच्या ग्रंथात तर शोक करण्यात तरबेज बायकांना बोलावून घ्या आणि आपल्या मुलींना विलाप शिकवा, असंही आहे. विलाप ही बायकांची विद्या होती आणि समाजाला तिची गरज होती. आज आपण तिला रडगाणं म्हणतो.

माझ्या श्रद्धेने मला काय दिलं ते विचाराल तर हेच. उत्तर दिलं नाही. कोणावर ओरडायचं ते दिलं. माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी माझ्याजवळ बसायच्या, प्रार्थना पुटपुटायच्या आणि मध्येच थांबून देवाला म्हणायच्या, "हे बरं केलं नाहीस." मग पुढची प्रार्थना म्हणायच्या. त्या दोन्हींत त्यांना काही विसंगती वाटत नव्हती, मलाही वाटली नाही. आमचे पाळक आले तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. "बाळाचं नाव काय?" एवढं विचारलं आणि प्रार्थनेत तिला नावाने हाक मारली. पण माझ्या ओळखीच्या दुसऱ्या एका आईचा विश्वास बाळाबरोबर गेला, तो परत आला नाही. तिला कमी लेखायचा अधिकार मला नाही. श्रद्धा राहिली किंवा गेली यावर आईपणाचे गुण द्यायचे नसतात.

आता धर्माच्या नियमांमुळे होणाऱ्या त्रासाबद्दल, कारण कार्यकर्तीला हे माहीत हवं. बाप्तिस्मा न होता बाळ गेलं तर ते स्वर्गात जात नाही, कुठेतरी मधल्या ठिकाणी राहतं, अशी समजूत कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. अशा बाळांना एके काळी पवित्र केलेल्या जमिनीत पुरत नसत. आजही एखादी आजी हे बोलून जाते आणि सून रात्रभर जागी राहते. त्या सुनेला सांगा की 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवलंय, आणि 2007 साली चर्चच्या आंतरराष्ट्रीय धर्मपंडितांच्या आयोगाने या बाळांच्या तारणाची आशा ठेवायला सबळ कारण आहे असं मांडलं. 1983च्या चर्चच्या कायद्यानुसार, आईबापांचा बाप्तिस्म्याचा विचार होता पण तो राहून गेला, अशा बाळाचा दफनविधी बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये होऊ शकतो. आणि एक गोष्ट फार थोड्या बायकांना माहीत असते. जीव धोक्यात असेल तेव्हा कोणीही माणूस पाणी ओतून, ठरलेले शब्द म्हणून बाप्तिस्मा देऊ शकतो. नर्स देऊ शकते, आजी देऊ शकते, आई देऊ शकते. फादर वाहतुकीत अडकले म्हणून काही अडत नाही.

तसाच प्रश्न उपचार थांबवण्याचा. माझ्या मुलीच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं की यंत्रावर ठेवून आणखी काही दिवस मिळतील, पण ते दिवस सुया-नळ्यांचे असतील. आम्ही यंत्र नको म्हटलं. ती माझ्या मांडीवर गेली. नंतर एका बाईंनी विचारलं, "म्हणजे तुम्हीच सोडलंत?" असं विचारलं गेलेल्या प्रत्येक आईला माहीत असू द्या की निष्फळ, अतिरेकी उपचार नाकारणं म्हणजे जीव घेणं नव्हे, हे कॅथलिक शिकवणुकीतही स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजूला, "औषध बंद करा, तेल लावा, विश्वास ठेवा" असं सांगणारे भेटले तर तिथे मात्र ठाम उभं राहायचं. प्रार्थना आणि औषध यांत वैर नाही. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाच्या बाळांना मोफत शस्त्रक्रिया मिळू शकते. सगळी बाळं माझ्या मुलीसारखी उपचारापलीकडची नसतात. ज्या बाळाचा जीव वाचू शकतो त्याला आधी पालिकेच्या किंवा जिल्हा रुग्णालयात न्या, मग प्रार्थनेला बसा.

याच जिल्ह्यातली एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. 2008 साली भाईंदरच्या निकेता मेहता यांच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात गंभीर दोष निघाला. वीस आठवड्यांची कायद्यातली मुदत उलटून गेली होती. त्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या, परवानगी मिळाली नाही, आणि पुढे गर्भ आपोआप गेला. तेव्हा देशभर वाद झाला, धर्माच्या नावाने बोलणारेही पुष्कळ होते. 2021 साली कायदा बदलला. आता गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने चोवीस आठवड्यांनंतरही गर्भपात होऊ शकतो. मी माझं बाळ जन्माला घातलं, तो माझा निर्णय होता. दुसरी कोणी वेगळा निर्णय घेईल. दोघींच्या शोकाची प्रतवारी लावायची नाही, एवढं तरी आपल्या गटांनी पाळावं.

मराठी ख्रिस्ती बाईच्या दुःखाबद्दल बोलताना लक्ष्मीबाई टिळकांचं नाव येणारच. दत्तू होण्याआधीची मुलं त्यांनी गमावली होती. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या, टिळकही नव्हते. रेव्हरंड टिळकांची अपत्यशोकाची कविता 'बापाचे अश्रू' या नावाने प्रसिद्ध आहे. आईचे अश्रू छापले जायला 'स्मृतिचित्रे'ची वाट बघावी लागली, आणि ती पुस्तकरूपाने यायला 1934 साल उजाडलं. तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. बापाने रडू नये असं मला म्हणायचं नाही. उलट आपल्या घरांतल्या बापांना रडायला जागाच नसते. माझे पती चौथ्या दिवशी कामावर गेले, कारण त्यांना कोणी थांब म्हटलं नाही. पण कोणाचं दुःख नोंदवलं जातं आणि कोणाचं पदराआड राहतं, हे बघणं आपलं काम आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून दहा बाळं गेली. चौकशी झाली, मदत जाहीर झाली. त्या दहा आयांचं पुढे काय झालं, हे त्यानंतर आपण कितीदा विचारलं?

आता कामाच्या ठिकाणाबद्दल. डोंबिवलीच्या लेडीज डब्यात डोहाळजेवणं होतात, हे तुम्ही जाणता. ओटी भरणाऱ्या त्याच मैत्रिणी तीन महिन्यांनी विचारतात, "काय झालं? मुलगा की मुलगी?" अनेकजणी या एका प्रश्नाच्या भीतीने गाडी बदलतात, डबा बदलतात. आणि मालक म्हणतो, बाळच नाही तर रजा कशाला? रजा बाईच्या बाळंतपणासाठी असते. टाके तेच असतात, रक्त तेवढंच जातं. 1961च्या कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. केंद्र सरकारने सप्टेंबर 2022 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना, बाळ मृत जन्मलं किंवा जन्मानंतर 28 दिवसांत गेलं तर 60 दिवसांची खास रजा दिली. चांगलं झालं. पण धुणी-भांडी करणाऱ्या, शिवणकाम करणाऱ्या बाईला कुठली रजा? तिच्या घरमालकिणीशी बोलायला गटाने जायला हवं, तिच्याबरोबर दोघीतिघींनी.

शेवटी, आपण काय करू शकतो ते सांगते. हे कुठल्याही धर्माच्या घरात चालेल.

बाळ दवाखान्यात असताना आईची काळजी घ्या. ती स्वतः बाळंतीण असते आणि बाकावर बसून असते. तिला गरम जेवण न्या, पाठ टेकायला जागा मिळवून द्या.

बाळ गेल्यावर आईला त्याला घ्यायचंय का, हे तिलाच विचारा. 'तिला सोसवणार नाही' असं इतरांनी परस्पर ठरवू नये. तिला हवं असेल तर बाळाला अंघोळ घालू द्या, कपडे घालू द्या, फोटो काढू द्या. दफनाला जायचं असेल तर तिला न्या, खुर्ची बरोबर न्या.

दूध येत राहतं. याबद्दल तिला कोणी सांगत नाही आणि ती घाबरते. गार पाण्याच्या घड्या, आधार देणारा कपडा, फार दुखलं तर थोडंसंच दूध काढणं, याने ते हळूहळू कमी होतं. गाठ लाल झाली, ताप आला तर डॉक्टर गाठायचा. सायनच्या रुग्णालयात 1989 साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली. काही आयांना आपलं दूध दुसऱ्या बाळाला द्यावंसं वाटतं, काहींना ती कल्पनाही सहन होत नाही. विचारा, आग्रह करू नका.

जन्म आणि मृत्यू, दोन्हींची नोंद 21 दिवसांत करा. घाईत घरचे लोक म्हणतात, आता कशाला जन्माचा दाखला? हवा. बाळाचं नाव त्यावर घाला. माझ्या मुलीचं नाव दोन दाखल्यांवर आहे. ती या शहरात राहून गेली, याचा तो सरकारी पुरावा आहे.

पाळण्याची, लंगोटांची आवराआवर आईला विचारल्याशिवाय करू नका. दहा दिवसांनी येणं-जाणं थांबतं, तेव्हा तुम्ही जा. चाळिसाव्या दिवशी जा. वाढदिवशी जा. 2 नोव्हेंबरला कबरस्थानात मेणबत्त्या लागतात तेव्हा तिच्याबरोबर चला, धर्म तुमचा कुठलाही असो. बाळाला नावाने हाक मारा. आई रडेल. ते तुमच्यामुळे नाही, ते आधीचंच असतं.

आणि आई कित्येक आठवडे झोपत नसेल, जेवत नसेल, मरणाचं बोलत असेल तर ते श्रद्धेची कमतरता म्हणून सोडून देऊ नका. तिला उपचार हवेत. 14416 हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, 2022 पासून चालू आहे, मराठीतून बोलता येतं. पहिला फोन तुम्ही तिच्याशेजारी बसून लावा.

यांतल्या कुठल्याही कामाला पैसे लागत नाहीत. वेळ लागतो आणि गप्प बसायची तयारी लागते. आपण कार्यकर्त्या बोलण्यात पटाईत असतो, त्यामुळे दुसरी गोष्ट आपल्याला जास्त जड जाईल. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत अशा किती आया आहेत याची यादी पुढच्या बैठकीपर्यंत करावी. फक्त या वर्षीच्या नकोत. वीस-तीस वर्षांपूर्वीच्याही घ्या. त्यांना आजवर कोणी विचारलेलंच नसेल.

एवढं बोलून मी थांबते. आता तुम्ही बोला.